दौलतकाका, तसं पुस्तक नव्हतं

दौलतकाका, हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि गुडघ्यावर बसून प्रार्थना करताना देवालासुद्धा सरळ शब्दांत नाही. तिथेही 'माझे अपराध' असं मोघम म्हणून मी पुढे सरकत आलो. पोळ्यानंतरच्या त्या बुधवारी, प्रार्थनाघरात सगळ्या मंडळीदेखत, मी तुम्हाला म्हणालो होतो की पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ज्याला माफी आहे तो माणूस वेगळा आहे, पहिल्या पत्रात ज्याला मंडळीबाहेर काढलं तो नव्हेच, आणि इंग्रजीतल्या एका मोठ्या ग्रंथात हे सिद्ध झालेलं आहे. काका, असा ग्रंथ मी वाचलेला नव्हता. असा ग्रंथ जगात आहे की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. तुमचं बोलणं संपलं आणि मी तोंड उघडलं, तेवढ्या वेळात तो मी रचला.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. लोक भेटतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात, आणि शेवटी म्हणतात, "मास्तर, तुमची अन् दौलतभाऊची लई गट्टी होती." मी मान हलवतो.

गट्टी होती, हे खोटं नाही. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती तेव्हाची गोष्ट. शास्त्रशाळेत दोन वर्षं शिकून मी उपदेशक म्हणून साखऱ्याच्या पुढच्या आपल्या गावी यायला निघालो, आणि फाट्यावर एसटीने मला उतरवलं तेव्हा तुम्ही खाकी कपड्यांत सायकल धरून उभे होतात. "मास्तर, पिशवी हँडलला अडकवा अन् तुमी मागं बसा. आज टपाल कमी हाय, तुमचं वजन चालतंय." मी कोणत्याही शाळेत मास्तर नव्हतो; तुम्ही म्हणालात म्हणून गावाने मला मास्तर केलं. खोली तुम्ही बघून दिलीत. कोणाच्या घरी काय बोलू नये ते तुम्ही सांगितलंत. माझं पहिलं प्रवचन झाल्यावर सगळे 'छान झालं' म्हणाले, आणि तुम्ही बाहेर सायकलच्या चेनला तेल देत म्हणालात, "चांगलं झालं. पण लोकांकडं बघून बोलत जावा. तुमी वर छपराच्या पत्र्याला उपदेश करून राहिले होते."

शास्त्र वाचायला मी शास्त्रशाळेत शिकलो, पण पत्र वाचायला तुमच्याकडून शिकलो, आणि तो फरक तुम्हीच मला समजावला होता. गावाबाहेरच्या तांड्यावर निम्म्या घरांत वाचणारं कोणी नव्हतं. तुम्ही नुसतं टपाल टाकून जात नव्हता. अंगणात बसून पत्र वाचून दाखवायचात, पाणी प्यायचात, मग पुढच्या घरी जायचात. तिथलीच ती हकीकत तुम्ही मला सांगितली होती. तांड्यावरचा एक गडी पुण्याला बांधकामावर होता. त्याचं बापाला कार्ड आलं: चुलत्याने माझ्या बायकोला घरातून हाकललं, त्याचं तोंड बघू नका. तुम्ही ते चारचौघांत, मोठ्या आवाजात वाचलंत. बापाने त्याच दिवशी भावाची चूल वेगळी करायला लावली. पुढे तुम्ही रजेवर होतात तेव्हा दुसरं पत्र आलं. बदलीवरच्या माणसाने ते दारात टाकलं, आणि वाचणारं कोणी नाही म्हणून बापाने ते आढ्याला खोचून ठेवलं. चार महिन्यांनी तुमची नजर त्यावर गेली. आत लिहिलं होतं: मला चुकीचं कळलं होतं, काकाला काही बोलू नका.

"चार महिने, मास्तर," तुम्ही म्हणाला होतात. "एका आंगणात दोन भाऊ, अन् एक दुसऱ्याला 'पाणी दे' म्हणत न्हाई. ज्यानं पहिलं वाचून दाखवलं, त्यानंच दुसरं बी वाचून दाखवायला पायजे. न्हाई तर पहिलं वाचायचंच न्हाई."

पौलाची पत्रंही तुम्ही तशीच वाचायचात. तुमच्याकडे दोन शास्त्रं होती, एक वडिलांचं, पानं सुटलेलं बायबल, आणि एक नवं. दोन्ही मांडीवर उघडायचात, एकात एक पत्र, दुसऱ्यात दुसरं, आणि दोन्हीकडे एकेक बोट. "हे पत्र त्या पत्राला विचारावं," म्हणायचात. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की याआधीही मी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं. हे वाक्य मी शास्त्रशाळेत दहा वेळा वाचलं असेल. तुम्ही मात्र त्यावर बोट ठेवून म्हणालात, "म्हंजे ह्याच्या आदीचं एक पत्र आपल्याला पोचलंच न्हाई. कोण्या पोस्टमननं हरवलं म्हणावं?" आपण दोघे हसलो. पण ती पत्रं कोणीतरी हातात घेऊन चालत नेली होती, कोणाच्या तरी अंगणात मोठ्याने वाचली होती, आणि ऐकणाऱ्यांत ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माणूसही बसलेला असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं. इतकं शिकवलंत, आणि मी तुमच्याशी असं वागलो.

आता लिंबाजीचं.

लिंबाजी आणि त्याच्या बायकोने त्या पोळ्याच्या तीन वर्षं आधी बाप्तिस्मा घेतला होता. बाप जुन्याच रीतीचा. त्या वर्षी बाप अर्धांगाने खाटेला खिळला, आणि पोळा आला. बापाला नीट बोलता येत नव्हतं, पण गोठ्याकडे हात करून तो रडायला लागला. तेव्हा लिंबाजीने बैल धुतले, त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळलं, उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतन दिलं, शिंगं रंगवली, आणि दुसऱ्या दिवशी गावच्या सगळ्या बैलांबरोबर ती जोडी मारुतीच्या देवळाभोवती फिरवून आणली. रविवारच्या आत तीन घरांतून माझ्याकडे खबर आली.

मी पहिलं पत्र काढलं. पाचवा अध्याय. एका माणसाला मंडळीबाहेर काढा, आणि भाऊ म्हणवणारा कोणी मूर्तिपूजक निघाला तर त्याच्याशी संबंध ठेवू नका, त्याच्या पंगतीलाही बसू नका, असं जिथे आहे ते. ठसक्यात वाचलं. लिंबाजीला उभं केलं.

"मास्तर, मी हात न्हाई जोडले," तो म्हणाला. "दोन्ही हातांत दावी होती. हात रिकामे कुठं होते?"

मागे बायकांत कोणीतरी फिसकन हसलं. मी म्हणालो, "ही हसण्याची गोष्ट नाही." आणि त्याला प्रभुभोजनातून, महिन्याच्या भाकर-द्राक्षरसाच्या त्या विधीतून, बंद केलं, मंडळीने त्याच्याकडे जेवूखाऊ नये असंही सांगितलं. मुदत सांगितली नाही. मुदत असावी लागते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बुधवारच्या बैठकीला तुम्ही दोन शास्त्रं घेऊन आलात आणि उभे राहिलात. तुमचं ते बोलणं मला जवळजवळ शब्दाशब्दाने आठवतं.

"मास्तरनं पहिलं वाचलं, ते बराबर वाचलं. पण त्याच गावाला त्याच माणसाचं दुसरं पत्र हाय. दुसरा अध्याय बघा. पौल म्हणतो, त्या माणसाला तुमी लोकांनी मिळून शिक्षा केली ती बस झाली. आता त्याला माफी द्या, धीर द्या, न्हाई तर दुःखात बुडून मरंल तो. अन् त्याच्या आदीच्या ओळी बघा. म्हणतो, मी तुमाला लिहिलं ते रडत लिहिलं, तुमाला दुखवायला न्हाई." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू: "मास्तर, रडत लिहिलेलं पत्र तुमी ठसक्यात वाचलं. आवाज चुकला. दुसऱ्या पत्रावरून पहिल्याचा आवाज कळतो."

आणि मग जरा हसत: "लिंबाजीनं बैलाला जेवायचं आवतन दिलं, आपण माणसाला दिलेलं काढून घेतलं."

म्हातारी काशीबाई म्हणाली, "व्हय, दौलतभाऊ बराबर म्हणून राहिले." माना हलल्या. काका, तुम्ही खरं बोलत आहात हे मला त्याच क्षणी कळलं होतं. लोकांना वाटतं मी तत्त्वासाठी अडलो. तत्त्व-बित्त्व काही नव्हतं. सातवी शिकलेल्या पोस्टमनने मला, दोन वर्षं शिकून आलेल्याला, माझ्याच मंडळीसमोर शिकवलं होतं, आणि माझे कान तापले होते. म्हणून मी ग्रंथ रचला. इंग्रजीतला रचला, कारण तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. असंच घडलं.

तुम्ही शास्त्रं मिटलीत. "पुस्तकात असंल तर असंल," म्हणालात. "पण तेवढं पान मला मराठीत लिहून द्या. मला बघायचंय ते लोक कसं म्हणतात ते."

"देतो," मी म्हणालो.

लिंबाजीचं शेत तुमच्या टपालाच्या वाटेवर होतं. दुपारची भाकर तुम्ही आधीही त्याच्या झाडाखाली खायचात. बंदीनंतरही खात राहिलात, आणि लपवलं नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "खातो की. त्याच्या घरचा ठेचा तुमी खाल्ला न्हाई म्हणून तुमाला बंदी घालायला जमलं." मी हसलो नाही. जो नियम लिंबाजीला लावला तोच तुम्हाला लावणं मला भाग होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पुढच्या प्रभुभोजनाला भाकरीची थाळी घेऊन मी रांगेने येत होतो. तुम्ही दोन्ही हात पुढे केले होते. मी तुम्हाला ओलांडून पुढच्या माणसापाशी गेलो. तुमचे हात एक क्षण तसेच राहिले. मग तुम्ही ते मांडीवर घेतले.

तुम्ही चिडून दुसऱ्या मंडळीत गेला असतात तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं. तुम्ही गेला नाहीत. त्याच जागी, महिन्याच्या महिन्याला, मांडीवर हात ठेवून बसत राहिलात. आणि अकरा वर्षं मी दर वेळी तुम्हाला ओलांडून गेलो. एकदा मीच बाहेर तुम्हाला गाठून म्हणालो, "काका, फक्त म्हणा की त्याच्याकडे जेवणार नाही. पुढचं मी बघतो." तुम्ही सायकलचं स्टँड पायाने उडवत म्हणालात, "न्हाई बा. मी तर आजच जेवून आलो. तुमी कशाला तकलीफ घेता? तुमी तुमचं काम करा."

आणि पान मागत राहिलात. टपाल द्यायला आलात की: "पान झालं का?" माझ्या मुलीच्या जन्माची तार घेऊन आलात, पेढा तोंडात टाकलात, आणि निघताना: "आता तर घरात आनंद हाय, पान लिहून टाका." निवृत्तीच्या आदल्या महिन्यात म्हणालात, "मास्तर, मी खाकी उतरवायच्या आत पाठवा, म्हंजे माझं टपाल मीच वाटीन." लोक हसायचे. त्यांना वाटायचं, दोघांची जुनी चेष्टा आहे. मीही हसायचो, आणि रात्रीच काय, दिवसाढवळ्याही मला ते पान डोळ्यांसमोर कोरं दिसायचं.

मग ते घडलं, जे मला आजही कोणाला धड समजावून सांगता येणार नाही. मला एका शिबिरासाठी मोठ्या शहरात पाठवलं. तिथल्या ग्रंथालयात मी सहज करिंथकरांवरचं एक पुस्तक उघडलं, आणि त्यात खरोखरच तसं होतं. दुसऱ्या पत्रातला माणूस पहिल्यातला नसावा; रडत लिहिलेलं ते पत्रही आपल्याकडचं पहिलं नसून मधलं एखादं हरवलेलं असावं; पुष्कळ अभ्यासकांना असं वाटतं, काहींना वाटत नाही. मी खुर्चीत बसून राहिलो. आधी आनंद झाला. सुटलो, असं वाटलं. मी खोटं बोललो होतो, आणि ते खरं निघालं होतं. मग मला उमगलं की आता हे खोटं मला जन्मभर मिरवता येईल.

आणि मी तेच केलं. तीन पानं मराठीत उतरवली, नीट अक्षरात. शास्त्रशाळेतली सवय म्हणून खाली पुस्तकाची माहिती लिहिली, छापल्याचं वर्षसुद्धा. आणि तुमच्या ओट्यावर येऊन म्हणालो, "काका, घ्या तुमचं पान."

तुम्ही चष्मा लावून तिन्ही पानं वाचलीत. मग तुमचं बोट खाली गेलं आणि छापल्याच्या वर्षावर थांबलं. तीस-पस्तीस वर्षं तुम्ही पाकिटावरचा शिक्का आधी बघत आला होतात. पुस्तक आपल्या त्या बुधवारनंतर दोन वर्षांनी छापलेलं होतं. हे मला तुमचं बोट थांबल्यावर कळलं. लिहिताना कळलं नव्हतं. तुम्ही वर बघितलंत. माझ्याकडे. तुम्हाला समजलं होतं का, काका? कागदांची घडी घालत तुम्ही एवढंच म्हणालात:

"पान चांगलं लिवलं. अक्षर झकास हाय. पण मास्तर, समजा माणूस दुसरा हाय. मंग? दुसऱ्याला माफी झाली म्हणून पहिल्याला बाहेरच ठेवायचं काय? पौलाचं मन तर तेच हाय ना दोन्ही पत्रांत?"

याचं उत्तर खऱ्या पुस्तकातही नव्हतं. मी पुन्हा जाऊन शोधलं. तुम्ही माणूस ओळखायला दुसरं पत्र वाचत नव्हता. लिहिणाऱ्याचं मन ओळखायला वाचत होता. मी अकरा वर्षं आरोपी कोण यावर अडून बसलो होतो. खरं तर अडलोही नव्हतो, त्याच्यामागे लपलो होतो.

तुमचं शेवटचं दुखणं पायांच्या सुजेपासून सुरू झालं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, हे मला काकूंनी कळवलं. मी पिशवीत भाकर आणि लहान बाटलीत द्राक्षरस घेऊन आलो. मनाशी ठरवून आलो होतो: एकटे असाल, देऊन टाकू, कोणाला कळायचं नाही. आत आलो तर लिंबाजी तुमच्या पायथ्याशी बसून पाय चेपत होता. त्याने उठून मला जागा दिली आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. त्या घरात मीच तेवढा परका होतो.

आपण पाऊसपाण्याचं बोललो. कुरुंद्याकडे यंदा हळद चांगली आहे, असलं काहीतरी. पिशवी मी मांडीखाली सरकवली होती. तुम्ही तिच्याकडे बघून म्हणालात, "लिंबाजीला बी द्यायचं असंल तर काढा. न्हाई तर राहू द्या, मास्तर. मला घाई न्हाई."

घाई नाही म्हणालात. बोलताना दम लागत होता तुम्हाला. आणि मी म्हणालो, "नाही काका, मी असंच भेटायला आलो होतो."

लिंबाजी खाली बघत होता. काकूंनी चहा आणला. मी तो गरमच घशाखाली उतरवला आणि निघालो. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुमच्या दफनाच्या वेळी वाचन मीच केलं. पहिल्याच पत्रातला, मेलेले उठतील तो अध्याय. सगळीकडे तोच वाचतात. खड्डा लिंबाजीने खणला होता. मंडळी पुढे झाली तेव्हा तो कुदळ घेऊन मागे सरकला, कोणी सांगितलं नसताना. अकरा वर्षांत त्याला स्वतःची जागा पाठ झाली आहे. माती ओढून झाल्यावर तो माझ्याजवळ आला. मला वाटलं आता हा बोलेल, आणि बोलावंच त्याने. तो म्हणाला, "मास्तर, तुमी चांगलं वाचलं. काकाला आवडलं असतं." मग त्याने विचारलं, "काका म्हणायचे, इंग्रजी पुस्तकात माझ्याबद्दल काही लिवलेलं हाय. ते काय हाय हो?"

काका, एवढी वर्षं लिंबाजीला वाटत आलं की साता समुद्रापलीकडच्या एका पुस्तकात त्याच्या विरुद्ध लिहिलेलं आहे. म्हणून तो कधी भांडला नाही. माझ्याशी भांडला असता. पुस्तकाशी कसा भांडणार?

मी त्याला म्हणालो, "नंतर सांगतो."

तुमचे आभार मानायला मी हे लिहायला बसलो होतो, काका, पण तेही मला सरळ जमलं नाही. तुम्ही मला गावात आणलंत, माझं बोलणं पत्र्यावरून खाली माणसांवर आणलंत, माझं खोटं बहुधा ओळखलंत आणि तरी माझ्या अक्षराचं कौतुक केलंत. तुम्ही मला चारचौघांत उघडं पाडू शकला असतात. एका बोटाचं काम होतं. ते तुम्ही केलं नाहीत, आणि मी त्याचा अर्थ 'वाचलो' असा घेतला. तुम्ही माझी वाट बघत होतात, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं.

पहिलं पत्र मी वाचलं होतं, तेव्हा दुसरं मीच वाचायचं आहे. रविवारी, त्याच जागी उभं राहून, लिंबाजीला समोर बसवून. त्याआधी मंडळीला सांगायचं आहे की त्या बुधवारी माझ्याकडे कोणतंही पुस्तक नव्हतं, दौलतकाका बरोबर होते, आणि मला ते माहीत होतं. मग थाळी आधी त्याच्यापाशी न्यायची आहे. तुमच्यानंतर दोन रविवार गेले. दोन्ही रविवारी मी दुसरंच काही वाचलं. लिंबाजीला मी अजून काहीही सांगितलेलं नाही.